डेल ऑस्टलंडची गरिबी

आपला एक मुलगा गरीब आहे हे टोलस्टाड गावाला १९९० सालच्या जानेवारीत कळलं, एका मंगळवारी, सकाळी साडेनऊला. त्याआधीची सहा वर्षं गाव त्याला श्रीमंत समजत होतं, आणि त्यातली शेवटची चार कंजूषही. श्रीमंतीचा पुरावा गावाकडे नव्हता. कंजूषपणाचा होता, पण तो श्रीमंतीवर उभा होता.

कॅनडातल्या सॅस्काटूनहून येणारी बस रोज नऊला वर्तमानपत्रांचा गठ्ठा जून वाँगच्या कॅफेच्या दारात टाकून पुढे जाते. त्या दिवशी खेळाच्या पानावर फोटो नव्हता. पानभर बारीक टायपात नावं होती आणि नावांपुढे आकडे. बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमधल्या एकूणएक खेळाडूंचे त्या हंगामातले पगार. तोवर हे पगार कुणाला माहीत नसायचे. एका बाकावर मांडीला मांडी लावून बसणाऱ्या दोन खेळाडूंनाही एकमेकांचे माहीत नसायचे. आता कुणालातरी वाटलं होतं की जगाला कळू द्यावं. जग म्हणजे जून वाँगच्या कॅफेतलं लांब टेबल.

टेबलाच्या टोकाला नेस्टर पाव्हलिक बसला होता. वय सहासष्ट. गावाच्या रिंकवर, म्हणजे हॉकीच्या मैदानावर, बर्फ करण्याचं काम तो एकतीस हिवाळे करत होता. पहाटेचं पाणी मारून तो नुकताच आला होता. त्याचे हातमोजे हीटरवर वितळत होते आणि खाली थेंब पडत होते.

"वीस लाख," फ्लॉइड टेरपिन म्हणाला. पेपर रोज पहिल्यांदा फ्लॉइडच्या हातात जायचा, कारण तो मोठ्याने वाचायचा आणि त्याला थांबवणं कुणाला जमत नसे. "पहिल्या नंबरच्या माणसाला वीस लाख डॉलर."

"वर्षाला?"

"नाही, जन्माला. वर्षालाच रे बाबा."

मग कागदी रुमाल पुढे ओढला गेला. ऐंशी सामने, म्हणजे सामन्याला पंचवीस हजार. बर्फावर माणूस असतो पंचवीस मिनिटं. मिनिटाला हजार.

"म्हणजे नाक शिंकरायला थांबला तर अडीचशे."

"आपण नेस्टरला किती देतो?"

"महिन्याला नऊशे. सहा महिने."

"म्हणजे त्याची साडेपाच मिनिटं म्हणजे आपल्या नेस्टरचा एक हिवाळा," फ्लॉइडने जाहीर केलं. "नेस्टर, सांभाळून. तो सात सामने खेळला तर तुझी अख्खी हयात संपायची."

टेबल हसलं. नेस्टरही हसला. हसायला पैसे पडत नव्हते.

मग सगळ्यांनी डेलला शोधायला घेतलं. डेल ऑस्टलंड टोलस्टाडचा. बचावाला खेळायचा, सहा वर्षं मोठ्या लीगमध्ये होता आणि त्याचा पगार पाच लाख होता. हा पगार याच टेबलावर ठरला होता. फ्लॉइडच्या मेहुण्याने एकदा त्याची गाडी पाहिली होती, आणि गाडीवरून पगार काढणं हे काही अवघड गणित नाही. म्हणून बोट पहिल्या पन्नासांत फिरलं. मग शंभरांत. मग दुसऱ्या रकान्यात, तिसऱ्यात. बोट जसं खाली चाललं तसे आवाज खाली आले.

"सापडला," फ्लॉइड म्हणाला. इतक्या हळू तो कधी बोलला नव्हता. "शेवटून सातवा. एक लाख दहा हजार."

जूनने कॉफीचं भांडं हातातच धरून ठेवलं. त्या टेबलावर त्या वर्षी वीस हजारांच्या वर कुणाच्या हाती काही लागलं नव्हतं. पण ती शांतता त्याबद्दलची नव्हती. माणूस किती मिळवतो यावर तो गरीब ठरत नाही, यादीत कितवा आहे यावर ठरतो. टोलस्टाडमधल्या कुणाचंच नाव कुठल्याच यादीत नव्हतं, त्यामुळे गावात गरीब कुणी नव्हतं. हा एकच निघाला.

"आणि आपण त्याला काय काय बोललो," जून म्हणाली.

बोलले होते खरे. टोलस्टाडच्या रिंकला यंत्र नव्हतं. बर्फ आभाळाच्या मर्जीने व्हायचा आणि नेस्टरच्या हातांनी. चार वर्षांपूर्वी करमणूक समितीचा अध्यक्ष लॉर्न केटलसन याने डेलला पत्र लिहिलं होतं, की बर्फाचं यंत्र साठ हजारांना येतं, तुझ्यासारख्याला ते काय जड. उत्तरादाखल डेलने चार हॉकी स्टिक पाठवल्या होत्या, सही केलेल्या. त्या दिवसापासून गावात कंजूष माणसाला ऑस्टलंड म्हणायची पद्धत पडली. हमरस्त्यावर 'डेल ऑस्टलंडचं गाव' अशी पाटी होती. तिच्यावर कुणीतरी बंदुकीचे छर्रे मारले, आणि नेमके नावावर मारले. डेलची आई तोवर पश्चिम किनाऱ्यावर धाकट्या मुलीकडे राहायला गेली होती. खरं काय ते विचारावं असं गावात कुणी उरलं नव्हतं, आणि विचारायची कुणाला घाईही नव्हती.

"भरपाई करायला हवी," लॉर्न म्हणाला. लॉर्न सहकारी दुकानाचा मॅनेजर होता. त्याच्या आवाजात नेहमी एक ठराव असायचा. "टोलस्टाड आपल्या माणसाला उघड्यावर टाकत नाही. कुणाचं गोठाघर जळलं, कुणाचा हात मशीनमध्ये गेला, तर आपण काय करतो?"

"जेवण," सगळे म्हणाले.

त्या मुलुखात दुःखाला एकच औषध असतं. हॉल घ्यायचा, बायकांनी पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, करायच्या, माणशी आठ डॉलर लावायचे, वस्तूंचा लिलाव करायचा आणि जमलेलं पाकिटात घालून दुःखी माणसाच्या हातात द्यायचं. आजवर हे कुणाला नाकारलं गेलं नव्हतं. वर्षाला एक लाख दहा हजार मिळवणाऱ्यालाच ते का नाकारावं?

"तारीख?" फ्लॉइडने विचारलं.

नेस्टरने हातमोजे उचलले. ते अजून ओले होते. त्याला तारीख माहीत होती.

सव्वीस फेब्रुवारीला ईस्टरआधीचा मोठा उपास लागत होता. उपासाच्या चाळीस दिवसांत गावातल्या युक्रेनियन लोकांच्या हॉलमध्ये मांस शिजत नाही, गाणं होत नाही. ईस्टरनंतर पेरणी. पेरणीनंतर कुणी कुणाचं नसतं. आधीचे शनिवार लग्नांना दिलेले होते. तेव्हा जेवणाला शनिवार उरत होता एकच, चोवीस फेब्रुवारी. आणि हॉलच्या वहीत त्या शनिवारी ऑक्टोबरपासून लिहिलेलं होतं: नेस्टर पाव्हलिक, निरोपाचं जेवण. हा हिवाळा त्याचा शेवटचा होता.

लॉर्नने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. इतरांनीही पाहिलं. एकतीस वर्षांत इतक्या लोकांनी एकदम नेस्टरकडे कधी पाहिलं नव्हतं.

"नेस्टर, तुझी काही हरकत नाही ना? तुझं आपण सुगीनंतर करू. तू कुठे पळून चाललायस?"

"माझी कसली हरकत," नेस्टर म्हणाला.

---

"माझी कसली हरकत!" स्टेफा म्हणाली. ती ओट्याशी उभी राहून कणीक तिंबत होती आणि ती कणीक कुणाची मान असावी तशी तिंबत होती. "असं म्हणालास तू? तोंडाने?"

"मग काय म्हणू? भांडू जेवणासाठी?"

"सुगीनंतर! सुगीनंतर या गावात फक्त मयतं होतात. तुझं तेव्हाच करतील, एका खर्चात दोन."

स्टेफा नेस्टरची बायको, लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. हॉलच्या स्वयंपाकघराची मुखत्यार. तिने नवऱ्याच्या जेवणासाठी दोन हजार पेरोगी नोव्हेंबरपासून करून गोठवून ठेवल्या होत्या. आता त्या डेल ऑस्टलंडच्या होणार होत्या.

"मला नकोच होतं ते," नेस्टर म्हणाला. "उगाच लोकांसमोर उभं राहायचं."

"हो ना. म्हणून रिंकच्या बॉयलरच्या खोलीत कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागे भाषण लिहितोयस. तीन पानं. मी वाचलं."

नेस्टरने बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. त्या सुटायला बराच वेळ लागला.

त्याला ते हवं होतं. ते तो कुणाला सांगू शकला नसता, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. बर्फ करणाऱ्याचं असं असतं की काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. लोक खेळ बघतात. चीर पडली, कुणाचा गुडघा फुटला, की मगच विचारतात, बर्फ कुणी केला? एकतीस वर्षांत नेस्टरचं नाव मोठ्याने घेतलं गेलं होतं ते सतरा वेळा, आणि सतराही वेळा मार्चमध्ये, ऊन लागल्यावर. त्याला एकदा हिवाळ्यात ते ऐकायचं होतं. एवढंच. लोक जेवलेले, बसलेले, आणि कुणीतरी उठून म्हणतंय की हा बर्फ या माणसाने केला. मग तो तीन पानं वाचणार होता आणि किल्ली टेबलावर ठेवणार होता.

जानेवारीच्या सुरुवातीला त्याने डेललाही पत्र टाकलं होतं. चोवीस तारखेला माझा निरोप आहे, जमलं तर ये, सामना असला तर येऊ नको. हे त्याने स्टेफालाही सांगितलं नव्हतं. पत्राला उत्तर आलं नव्हतं, आणि उत्तराची त्याला अपेक्षाही नव्हती. आपल्या पत्रातलं जेवण आता बदललं आहे हे डेलला कळवायला हवं, असं त्याच्या मनात दोनदा आलं. पण काय लिहायचं? माझा निरोप रद्द झाला आहे, कारण तू गरीब आहेस?

---

चोवीस तारखेला हॉल भरला. दोनशे साठ माणसं. दारावर कापडी फलक: 'डेलला हात द्या'. डेलला आधी कळवायचं नाही असं समितीने ठरवलं होतं, कारण असा माणूस मानी असतो. डेलच्या क्लबच्या ऑफिसात लॉर्नने फोन करून एवढाच निरोप ठेवला होता की शनिवारी संध्याकाळी सातला हॉलवर फोन कर, गावाला तुझा आवाज ऐकायचा आहे.

पेरोगी होत्या, वर आंबट साय. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात होता, सॉसेज होतं. लिलावात सगळ्यात मानाची वस्तू म्हणून डेलने पाठवलेल्या चार स्टिक ठेवल्या होत्या. गावाने डेलला मदत म्हणून डेलच्याच स्टिक एकमेकांना विकल्या. पहिली लॉर्नने पंच्याऐंशी डॉलरना घेतली आणि डोळे पुसले.

नेस्टर साडेसहापर्यंत बसला. मग हॉलच्या दाराबाहेरचा थर्मामीटर बघून आला. तीन दिवसांच्या उबेनंतर पारा उणे वीसच्या खाली उतरत होता.

"पाणी मारून येतो," तो स्टेफाला म्हणाला. "अर्ध्या तासात."

"आज? आत्ता?"

"उद्या पोरं येतील. बुधवारी फायनल आहे."

ही कारणं खरी होती. पण आपलं जेवण दुसरा माणूस जेवताना बघवत नाही, आणि तो दुसरा माणूस तिथे नसला तर अजिबातच बघवत नाही, हेही खरं होतं. रिंक रस्त्यापलीकडे होती. नेस्टरने बॉयलर पेटवला, पिंपाच्या गाडीत कढत पाणी भरलं आणि गाडी ओढायला लागला. पिंपाच्या तळाला भोकं पाडलेली आडवी नळी, तिच्यामागे ओलं गोणपाट. कढत पाणी जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा वितळवतं, त्याच्यात मुरतं आणि दोन्ही एक होतात. वाफेत त्याला स्वतःचे पायही दिसत नव्हते. तो मागे मागे चालत राहिला.

सात वाजून दहा मिनिटांनी हॉलमधला फोन वाजला. लॉर्नने मायक्रोफोन रिसीव्हरला लावून धरला, आणि खरखरीतून डेलचा आवाज दोनशे साठ माणसांवर आला.

"हॅलो? जेवण चालू झालं का? मी उशीर तर नाही ना केला?"

"तुझ्यासाठीच थांबलोय, डेल!" लॉर्न ओरडला.

"तर मग ऐका. मला भाषण येत नाही. पण पाव्हलिककाकांचा निरोप आहे म्हटल्यावर फोन केल्याशिवाय राहवेना. पत्र आलं तेव्हापासून ठरवून होतो."

लॉर्नचा हात मायक्रोफोनवर होता. तो त्याने काढला नाही, कारण काढून कुठे ठेवायचा ते त्याला सुचलं नाही.

डेल चार मिनिटं बोलला. मोठ्या लीगच्या पहिल्या माणसाच्या दराने चार हजार डॉलरचं बोलला. शेवटी म्हणाला, "काका आहेत का तिथे? द्या ना त्यांना."

सगळ्यांनी माना वळवल्या. नेस्टरची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर त्याचा सुटाचा कोट होता.

"तो... जरा बाहेर गेलाय," लॉर्न म्हणाला. "डेल, तुझ्यासाठी आम्ही एक लहानशी रक्कम..."

"माझ्यासाठी?" डेल हसला. "मस्करी पुरे. बस सुटतेय माझी." आणि फोन बंद झाला.

---

नेस्टर परतला तेव्हा टेबलं पुसत होते. त्याच्या भुवयांवर बर्फ होता. त्याला बघून लोक उठले, पण कशासाठी उठलो हे न कळल्यासारखे पुन्हा बसले.

"काय झालं?"

"डेल बोलला," फ्लॉइड म्हणाला. "तुझ्याबद्दल. फार छान बोलला."

"काय बोलला?"

फ्लॉइडने आठवायचा प्रयत्न केला. रोज पेपर वाचून दाखवणारा माणूस, पण छापलेलं नसलं की त्याच्या डोक्यात राहत नसे. "पहाटेचं काहीतरी होतं. किल्लीचं होतं. नाही का रे? आणि एक विनोद होता, तो भारी होता."

"कुठला विनोद?"

"तो त्याच्या तोंडूनच ऐकायला हवा होता."

नेस्टरने चार जणांना विचारलं आणि त्याला चार तुकडे मिळाले, जे एकमेकांना जोडता येईनात. जून म्हणाली, मी रडत होते, मला ऐकू आलं नाही. लॉर्न म्हणाला, एकंदरीत सकारात्मक होतं.

घरी जाताना स्टेफा म्हणाली, "मी भांड्यांत होते. नळ चालू होता. एवढंच ऐकलं. म्हणाला, मोठमोठ्या शहरांतल्या बर्फावर खेळलो, सगळीकडे यंत्र. पण कधी पडलो की वाटतं, पाव्हलिकने केला असता तर पडलो नसतो."

नेस्टरने रस्त्यावरचा बर्फाचा खडा बुटाने उडवला.

"खोटं आहे," तो म्हणाला. "माझ्या बर्फावर तो सगळ्यात जास्त पडायचा."

खर्च वजा जाता उरलेले दोन हजार एकशे बारा डॉलर समितीने डेलला चेकने पाठवले. चेक वटला. न वटवणं उर्मटपणाचं दिसलं असतं. पुढे एप्रिलमध्ये आभारादाखल चार स्टिक आल्या, सही केलेल्या.

---

रविवारी प्रार्थनेनंतर लॉर्न पाव्हलिकांकडे आला. बाहेरचे बूट न काढता पायपुसण्यावर उभा राहिला, म्हणजे काम लहान होतं.

"समितीने काल रात्रीच विचार केला," तो म्हणाला. "बघ नेस्टर, जेवण झालं. तुझ्याबद्दल भाषण झालं, तेही मोठ्या लीगच्या खेळाडूचं. टाळ्या झाल्या. मग निरोप म्हणतात तो आणखी काय असतो? तेव्हा कालचं जेवण दोघांचं धरायचं असा ठराव झाला. सुगीनंतर पुन्हा हॉल, पुन्हा बायकांना त्रास..."

"बायकांच्या त्रासाचं तू नको सांगूस," आतून स्टेफा म्हणाली.

"म्हणजे माझा निरोप झाला?" नेस्टरने विचारलं.

"झाला. इतिवृत्तात लिहिलंय."

"मी नव्हतो तिथे."

"तुझा कोट होता," लॉर्न म्हणाला. तो हे चांगल्या मनाने म्हणाला.

नेस्टर आत गेला. एकतीस वर्षं पट्ट्याला अडकवलेली रिंकची किल्ली आज खिळ्यावर होती. ती आणून त्याने लॉर्नच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"निरोप झाला की किल्ली देतात."

"अरे, पण बुधवारी फायनल आहे!"

"आहे खरी. मी येईन बघायला. पुढच्या रांगेत जागा ठेव, निवृत्त माणूस आहे मी."

लॉर्नला वाटलं गंमत आहे. सोमवारी पहाटे रिंकच्या धुराड्यातून धूर निघाला नाही तेव्हा वाटलं राग आहे, उतरेल. सोमवारी दुपारी समितीच्या चौघांनी अग्निशमनाचा नळ आणला. पाणी ते पाणी, त्यात काय विद्या आहे, असं फ्लॉइड म्हणाला. त्यांनी थंडगार पाणी घोट्याएवढं सोडलं. वरून गोठलं, खालून निथळून गेलं, मधे हवा राहिली. मंगळवारी सकाळी अख्खी रिंक पापडी झाली होती. लॉर्नने पाय ठेवला तर काचेसारखा आवाज होऊन तो टाचेपर्यंत आत गेला. त्यानंतर तो एक तास रिंकवर चालत होता आणि तो तासभर कुणीतरी काचेची कपाटं फोडत असल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी तो पुन्हा आला. या वेळी त्याने बूट काढले.

"मिस्टर पाव्हलिक," तो म्हणाला.

"कोण?" नेस्टरने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"सांग बाबा, काय हवं तुला. समिती शंभर डॉलर द्यायला तयार आहे. दीडशे."

"मिनिटाला?" स्टेफाने विचारलं.

नेस्टर खुर्चीत पुढे सरकला. "पापडी खरवडून काढायला रात्र जाईल. दोन थर लागतील. पहिला थर धरायला पाऊण तास. त्या पाऊण तासात मला तुम्ही सगळे बाकांवर बसलेले हवे. जूनच्या कॅफेतल्या टेबलावरचे आठही. कुणी उठला तर दुसरा थर नाही."

"बसून काय करायचं?"

"ऐकायचं."

---

बुधवारी पहाटे सहाला पारा उणे चोवीसवर होता. रिंकच्या लाकडी बाकांवर आठ माणसं, जून वाँग आणि स्टेफा बसली होती. स्टेफाने टॉवेलात गुंडाळून पातेलं आणलं होतं. मोठा उपास लागला होता, म्हणून पेरोगी बटाट्याच्या, वर साय नाही, तेलात परतलेला कांदा. खाली मैदानावर नेस्टर पिंपाची गाडी ओढत मागे मागे येत होता आणि वाफ त्याला गिळत होती. शेवटची पट्टी झाल्यावर तो कडेला आला, चष्मा पुसला आणि खिशातून कॅलेंडरची पानं काढली. कॅलेंडर लॉर्नच्याच दुकानाचं होतं.

बॉयलरच्या खोलीच्या भिंतीवर तो दर हिवाळ्याची एक ओळ पेन्सिलीने लिहायचा. भाषण म्हणजे त्या ओळी होत्या. त्याला दुसरं काही लिहिता आलं नव्हतं.

"एकोणीसशे एकोणसाठ," त्याने वाचलं. "पहिला बर्फ नऊ नोव्हेंबर. शेवटचा अठरा मार्च. छत नव्हतं.

"साठ. पहिला बर्फ सोळा नोव्हेंबर. शेवटचा दोन एप्रिल. छत घातलं. फ्लॉइड टेरपिन वरून पडला, बर्फाला काही झालं नाही."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. वाचणारा हसत नव्हता. तो एकसुरात वाचत होता, पहिला बर्फ, शेवटचा बर्फ, आणि मधे कधी एखादा शब्द. एकाहत्तर, पाणी तांबडं आलं. चौऱ्याहत्तर, जूनचा नवरा गेला, तीन दिवस रिंक बंद. शहात्तर, केटलसनचा दात सापडला, परत केला. लॉर्नने जिभेने तो दात चाचपला.

"अठ्ठ्याहत्तर. पहिला बर्फ अकरा नोव्हेंबर. शेवटचा वीस मार्च. ऑस्टलंडचा पोरगा रोज पहाटे पाचला. दुसरी किल्ली त्याच्याकडे दिली. खूप पडतो."

पूर्वेकडच्या फटीतून उजेड आला आणि ताज्या बर्फावर लांब पट्टीसारखा पडला. बर्फ अजून ओला होता, काळा दिसत होता. आठही माणसांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. कुणी उठलं नाही. दुसरा थर हवा होता म्हणून आधी बसून राहिले, नंतर कशासाठी बसलोय ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"एकोणनव्वद," नेस्टरने शेवटची ओळ वाचली. "पहिला बर्फ चौदा नोव्हेंबर. शेवटचा..."

त्याने पान उलटून पाहिलं. पाठीमागे फेब्रुवारी महिना होता.

"हे अजून लिहायचंय," तो म्हणाला.

लॉर्न उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच वाजवायला लागले. जाड हातमोज्यांतल्या टाळ्यांना आवाज नसतो. नुसते हात हलताना दिसतात. नेस्टरने तेही थोडा वेळ पाहिलं. मग पानं खिशात घातली, वाकून उघड्या बोटाने बर्फाला हात लावला, आणि बोट चिकटलं नाही याची खात्री करून उठला.

"धरलाय," तो म्हणाला. "बसा खाली. दुसरा थर घालतो. आणि फ्लॉइड, त्या पेरोगीतल्या दोन मला ठेव."